जुन्या वैद्यकीय मासिकांचं पुनर्मुद्रण: अंक आमच्याकडे देण्याआधी एवढं वाचा

आजोबांच्या दवाखान्याचा माळा आवरताना मासिकांचे गठ्ठे सापडले, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो रद्दीत घाला, दुसरा म्हणतो लॅमिनेट करून ठेवू. कृपा करून दोन्ही करू नका. रद्दीचं कारण सांगायला नको. लॅमिनेशनचं सांगावं लागतं: तापवून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि आतला कागद आतल्या आत पिवळा पडतच राहतो. सेलोटेपची गतही तशीच. टेप काही वर्षांनी गळून पडते, तिचा तपकिरी पट्टा मात्र कायमचा राहतो.

आम्ही नाशिकमध्ये रविवार कारंज्याच्या बाजूला बाइंडिंगचं काम करतो. वह्या, हिशेबाचे खाते, प्रबंध हे रोजचं. जुनी वैद्यकीय मासिकं हळूहळू येऊ लागली, आणि ती नाशिकला येणं तसं स्वाभाविकच आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात इथेच केली. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. वैद्यांच्या या गावात कपाटं भरलेली असणारच.

जुना अंक धड, नवा अंक भुगा

ग्राहकांना याचं फार आश्चर्य वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला अंक अजून लवचिक असतो, आणि १९३५ चा अंक हातात घेतला की पापडासारखा मोडतो. कारण वयात नाही, कागदात आहे. आधीचा कागद चिंध्यांचा असे. पुढे लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ व तुरटी पडू लागली. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, आणि ते आम्ल कागदाचे तंतू तोडत राहतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्या वर्षांचे अंक सर्वांत वाईट हालतीत येतात.

म्हणून आम्ही पुनर्मुद्रणासाठी आम्लमुक्त कागदच वापरतो. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये आलं. त्यात कागद अल्कधर्मी असावा आणि आम्ल शोषून घ्यायला कॅल्शियम कार्बोनेटसारखा साठा असावा, अशी अट आहे. हा कागद महाग पडतो. स्वस्तातला घालून द्या असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. ज्या दुखण्यासाठी अंक आमच्याकडे आला, तेच त्याला पुन्हा कशाला लावायचं?

आम्ही काय करतो, काय करत नाही

अंक उसवायचा की नाही, हे तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवत नाही. शिवण चांगली असेल तर अंकाला खालून आधार देणाऱ्या पाळण्यात ठेवून, अर्धवट उघडून स्कॅन करतो. वेळ जास्त लागतो, पण मूळ अंक तुमच्या हाती जसाच्या तसा परत येतो. फाटलेल्या पानांना जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीचा जोड देतो. तो पाण्याने पुन्हा सोडवता येतो.

स्कॅनिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा घोटाळा इथेच होतो. २०१३ साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर यंत्रं कागदावरचे आकडेच बदलत होती. फाइल लहान करण्याच्या नादात यंत्र एकसारखी दिसणारी अक्षरं एकच समजे, आणि ६ च्या जागी ८ छापून मोकळं होई. पान दिसायला स्वच्छ, आकडा चुकीचा. घराच्या नकाशात हे घडलं तर भिंत चुकते, औषधाच्या मात्रेत घडलं तर काय होईल ते तुम्हीच पाहा. म्हणून आमची मूळ फाइल टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात असते, दाबून बारीक केलेली नसते.

अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरही आम्ही भरवसा ठेवत नाही. जुन्या इंग्रजी मासिकांत मात्रा ग्रेन, ड्राम आणि औंसमध्ये असतात. ड्रामची खूण इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी दिसते, आणि सॉफ्टवेअर ती बिनदिक्कत तीन म्हणून वाचतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, एक ड्राम म्हणजे ६० ग्रेन. तेव्हा ही चूक केवढी, याचा हिशेब कोणीही करू शकेल. आम्ही पानाची प्रतिमाच छापतो. शोधण्यासाठी मजकूर हवा असेल तर तो वेगळा देतो आणि तो तपासलेला नाही हे वर लिहितो.

आता जाहिराती. पूर्वी वर्षभराचे अंक एका खंडात बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची सर्रास पद्धत होती. त्यामुळे कितीतरी खंडांत लेख सगळे आहेत, पण त्या वर्षी थर्मामीटर कितीला मिळत होता, कोणत्या अर्काची चलती होती, याचा पत्ता नाही. तुमच्याकडे सुटे अंक असतील तर त्या पानांना लेखांपेक्षाही जपा, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

आमचीही एक चूक सांगून टाकतो. सुरुवातीच्या एका कामात कडा सारख्या दिसाव्यात म्हणून आम्ही समास कापला. त्या समासात एका वैद्यांच्या पेन्सिलच्या नोंदी होत्या. अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते), रुग्णाला आलेला गुण, सगळं. घरच्यांनी रागावून काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून स्कॅन होईपर्यंत कटिंग मशीन बंद.

आधी फुकट मिळतं का ते बघा

१८६६ ते १९५५ या काळात निघालेलं ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलचे १८४० पासूनचे जुने अंक पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांचा डासांवरचा १८९७ चा लेख तिथे घरबसल्या वाचता येईल. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. मराठी आयुर्वेद मासिकं, स्थानिक वैद्यक संस्थांची वार्तापत्रं, दवाखान्यांचे अहवाल यांची एखादीच प्रत कुठल्यातरी माळ्यावर उरलेली असते. पुनर्मुद्रणाची खरी गरज त्यांना आहे.

हक्कांचंही पाहावं लागतं. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं लेखनाचा हक्क राहतो. निनावी लेखनासाठी ही ६० वर्षं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. मासिकात दहा लेखक असतात, म्हणजे दहा हिशेब. शंका असेल तिथे आम्ही वारसांची लेखी परवानगी मागतो. प्रत विक्रीसाठी नसली, तरीही.

प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ‘ऐतिहासिक संदर्भासाठी, उपचारासाठी नाही’ ही ओळ आम्ही छापतोच. पारा आणि सोमल (आर्सेनिक) एकेकाळी बिनघोर दिले जात, आणि छापील शब्दावर विश्वास ठेवणारे लोक अजून आहेत.

पुराचं पाणी लागलं असेल तर

गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडाला की सराफ बाजार, भांडी बाजारातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. २०१६ आणि २०१९ चे पूर सगळ्यांच्या लक्षात आहेत. भिजलेला अंक उघडू नका आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना अशी चिकटतात, की नंतर त्यांची वीट होते. अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवसांच्या आत फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते. मग सवडीने आमच्याकडे या. आइस्क्रीमशेजारी मासिक ठेवायला घरचे कुरकुरतील, त्यांना हे पत्रक दाखवा.

येताना

गठ्ठा सुतळीने करकचून बांधू नका, कडा तुटतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रुंद फडक्याने बांधा. धूळ झटकू नका, वाळवी किंवा कसर दिसली तर ते अंक वेगळ्या पिशवीत आणा आणि आत येण्याआधी दारातच सांगा. तीनशे पानांच्या खंडाला साधारण तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात खळ वाळत नाही म्हणून पाच. दर पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या हालतीवर ठरतो, तो अंक पाहिल्याशिवाय फोनवर सांगत नाही. निदान तीन प्रती काढा: एक घरी, एक नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी, एक एखाद्या ग्रंथालयात. मूळ अंक मात्र तुमचा तुम्ही घेऊन जायचा. आमच्या दुकानात जागा नाही, आणि उंदीर आहेत.