‘थकलेला’ आकडा लागतोच का?

‘शेवटचा आकडा ७ गेल्या २० सोडतींत आलेला नाही, आता येणारच’ असा हिशेब लॉटरीच्या दुकानापासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरत असतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे. नाणंसुद्धा शेवटी निम्मं-निम्मं पडतंच की! पण ते हजारो फेकींत. आधीची उणीव पुढची फेक भरून काढत नाही.

शेवटचा आकडा ० ते ९ पैकी एक. प्रत्येक सोडतीत ७ न येण्याची शक्यता दहात नऊ. ०.९ वीस वेळा घेऊन एकमेकांशी गुणलं की उरतात सुमारे ०.१२. म्हणजे २० सोडतींत दहा आकड्यांपैकी सरासरी एखादा गायब असतोच. त्यात नवल काहीच नाही. एकविसाव्या वेळी ७ ची शक्यता मात्र तीच, दहात एक. यंत्राला मागचा निकाल आठवत नाही.

पडताळायचंय? ० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका, एक काढा, आलेला आकडा लिहून ठेवा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवा. वीसदा करा. बहुतेक वेळा एखादा आकडा रुसलेला दिसेल. त्यावर पैज लावून पुढची चिठ्ठी काढा. असं पन्नासेक वेळा केलंत की साधारण पाचदा जिंकाल. जुन्या निकालपत्रकांवरही हे करता येतं, फक्त वेळ जास्त जातो.