वडिलांची युद्धातली ट्रंक आमच्याकडे आणण्यापूर्वी

युद्धातली जुनी पदकं आणि त्यांच्यासोबतचे कागद आम्ही पाहून देतो, आणि घरच्यांनी ठरवलं तर विकून देतो. ‘पदकांचा फोटो पाठवतो, भाव सांगा’ हा निरोप आम्हाला सारखा येतो. समोरून काढलेल्या फोटोवरून भाव सांगता येत नाही, आणि सांगितला तर तो अंदाजपंचे असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर 1939-45 स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार ही पदकं प्रचंड संख्येने वाटली गेली. ब्रिटिश सैनिकांना ती कोरी, म्हणजे नाव न घातलेली, मिळाली. भारतीय, दक्षिण आफ्रिकी आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या स्टारवर मात्र मागे नाव-नंबर उमटवलेला असतो. तेव्हा फोटो मागच्या बाजूचा पाठवा. पदक गोल असेल तर कडेचाही.

पण आमचा आणि तुमचा सर्वात जास्त वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. ट्रंक आणण्याआधी घरचे लोक ती मन लावून आवरतात. पदकं एका पिशवीत, फोटो दुसऱ्या, पत्रं तिसऱ्या. अल्बममधले फोटो सोडवलेले, पत्रं उलगडून तारखेप्रमाणे लावलेली आणि जीर्ण पाकिटं रद्दीत गेलेली. हेतू चांगलाच असतो, पण आम्हाला हवं असतं तेच यात हरवतं.

युद्धकाळातलं पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाई. सैनिकाला आपण कुठे आहोत हे लिहायची मुभा नव्हती, त्यामुळे आत बहुधा ख्यालीखुशालीच सापडते. ठिकाणाचा माग लागतो तो पाकिटावरच्या शिक्क्यातल्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे सैन्यासोबतच्या टपाल कचेरीच्या, क्रमांकावरून. पाकीट गेलं की तो दुवा तुटला. एअरग्राफचंही तसंच. मूळ पत्राचा फिल्मवर फोटो काढून ती विमानाने धाडत आणि पुढे लहान कागदावर छापून ते घरपोच करत. लोक त्याला ‘झेरॉक्स’ समजून टाकून देतात. फोटोमागची पेन्सिलीची ओळ आणि अल्बमच्या पानावरची नावं यांनाही हात लावू नका.

पदकांची सरमिसळ तर फार महागात पडते. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार यांपैकी नियमाने एका माणसाला एकच मिळे. दुसऱ्या आघाडीसाठी पहिल्याच्या फितीवर क्लॅस्प, म्हणजे छोटी पट्टी, लावायची. एका डबीत दोन्ही निघाले, तर वडिलांच्या पदकांत काकांची किंवा आणखी कोणाची मिसळली आहेत असं आम्ही धरतो. मग कोणतं कोणाचं हे कागदांवरून लावत बसावं लागतं, आणि कागद आधीच वेगळे झालेले असतात. पदकं, पे-बुक (सैनिकाची पगाराच्या नोंदींची वही), डिस्चार्जचे कागद आणि पत्रं एकाच माणसाची म्हणून एकत्र आली, तर संग्राहक त्यांना सुट्या पदकांपेक्षा कितीतरी जास्त मोल देतात. भावंडांत वाटणी करायची असेल तर ती पैशांची करा, पदकांची नको.

पॉलिशबद्दल थोडक्यात: करू नका. घासून उमटवलेली अक्षरं पुसट होतात. फितीही बदलू नका. समोरून उडालेला रंग मागच्या बाजूला अनेकदा शाबूत असतो आणि फीत जुनी असल्याची ती चांगली खूण आहे.

गोळ्या, ग्रेनेड किंवा कसलंही स्फोटक सापडलं तर हलवू नका. थेट पोलिसांना कळवा. बंदूक-पिस्तूल निघालं तरी परवान्याचं आधी त्यांनाच विचारा.

आम्ही सर्व वारसांची लेखी संमती मागतो आणि ती मिळेपर्यंत विक्री करत नाही. काहींना हा अविश्वास वाटतो. पण एकाने विकलेली पदकं दुसऱ्याला हवी होती असं नंतर कळलं, तर ती परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. त्या वादापेक्षा थोडा उशीर परवडला.

ट्रंक आहे तशी आणा. तुमच्यासमोर उघडू, एकेक वस्तू यादीत लिहू आणि यादीची सही केलेली प्रत तुमच्या हाती देऊ. या पहिल्या पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही. विकायचं ठरलं तर पत्रं जाण्याआधी त्यांचं स्कॅनिंग करून देतो, मुलानातवंडांना वाचता यावीत म्हणून. नाही ठरलं, तर सगळं त्याच क्रमाने भरून परत देतो. फक्त वेळ आधी ठरवून या आणि हाताशी अर्धा दिवस ठेवा. वडिलांच्या पलटणीबद्दल घरात जे काही बोललं जायचं ते आम्हाला ऐकायचं असतं, आणि पुष्कळदा कागदांचा गुंता त्यातूनच सुटतो.