गोलरक्षकाचे साहित्य, आइस हॉकी : कापड व चामडे

आइस हॉकीतील गोलरक्षकाच्या पायपट्ट्या (पॅड) व हातमोजे, तसेच अन्य खेळाडूंचे हातमोजे यांच्या बाह्य आवरणासाठी वापरले जाणारे कापड, चामडे व कृत्रिम चामडे. पक ही व्हल्कनीकृत रबराची चकती सु. ७·६ सेंमी. व्यासाची, २·५ सेंमी. जाडीची व १५६ ते १७० ग्रॅ. वजनाची असते, व्यावसायिक सामन्यांत तिचा वेग ताशी १६० किमी.च्या पुढे जातो. हा आघात शोषण्याचे काम आतले भरण करते. आवरणाचे शत्रू वेगळे आहेत : बर्फावरचे घासणे, स्केटच्या पात्याची धार, घाम आणि पाणी. त्यामुळे केवळ ताणबळ (ओढ सोसण्याची क्षमता) पाहून केलेली कापडाची निवड बहुधा चुकते.

*उगम :* पायपट्ट्या क्रिकेटमधून आल्या, याविषयी मतभेद नाही. कोणी व केव्हा आणल्या, याविषयी आहे. विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलरक्षक जॉर्ज ‘व्हायटी’ मेरिट याने १४ फेब्रुवारी १८९६ रोजी माँट्रिऑल येथे झालेल्या स्टॅन्ली चषकाच्या सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधले होते व तो सामना विनिपेगने २–० असा जिंकला. अनेक लेखक येथूनच प्रारंभ मानतात. तथापि क्रिकेट आणि हॉकी हे दोन्ही खेळ त्या काळी कॅनडात बरेचदा एकाच वर्तुळातील तरुण खेळत. हे ध्यानात घेता स्थानिक सामन्यांत हा प्रघात आधीच पडला असणे अधिक संभवनीय वाटते. मेरिटचा सामना गाजला, म्हणून नोंद त्याच्या नावे राहिली, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल.

क्रिकेटच्या पॅडचा बाक गोल असल्याने त्यावर आदळलेली पक कोठेही उडे. आँटॅरिओतील हॅमिल्टन येथील घोड्यांचे साज बनवणारा कारागीर एमिल ‘पॉप’ केनेस्की याने ते सपाट व रुंद करून हॉकीसाठी स्वतंत्र पायपट्टी घडवली. हा प्रयोग काही जण १९१७ च्या सुमारास ठेवतात. व्यावसायिक गोलरक्षक जेक फोर्ब्झ याच्यासाठी केलेली जोडी मात्र सामान्यतः १९२४ ची मानली जाते आणि हीच तारीख अधिक ग्राह्य दिसते. साजकामातील जाड चामडे, मेण लावलेला दोरा व हाताचा टाका हे सारे केनेस्कीने तसेच उचलले. पुढील सु. साठ वर्षे हीच बांधणी प्रमाण राहिली. भरणात हरणाचे वा घोड्याचे केस, नमदा आणि कापोक (पांढरी सावर या वृक्षाच्या फळातील कापूस) असे. कापोकचा तंतू मेणचट असल्याने तो पाणी सहजी धरत नाही; सामना संपेपर्यंत पॅड जड होत, त्याला बाहेरचे चामडे व आतले केस अधिक कारणीभूत असावेत.

झेल घेण्याच्या मोज्याचे (ट्रॅपर) श्रेय बहुधा गोलरक्षक एमिल फ्रान्सिसला दिले जाते. त्याने १९४० च्या दशकात बेसबॉलमधील पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा मोजा मनगटपट्टी जोडून वापरला. त्याआधीच्या दशकातील गोलरक्षक माइक काराकासचेही नाव या संदर्भात घेतले जाते. बेसबॉलच्या मोज्यांतून आलेली ही चामड्याची परंपरा ट्रॅपरच्या तळव्यात अन्य भागांपेक्षा जास्त काळ टिकली.

*चामड्याकडून कापडाकडे :* १९८० च्या दशकापासून बंद पेशींचा (आतल्या हवेच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसलेला) फोम भरणात आला आणि भरण पाणी पिईनासे झाले. मग बाहेरच्या चामड्याचा ओला भार तेवढा राहिला. पॉलियुरेथेनचा थर दिलेले कृत्रिम चामडे याच काळात पॅडच्या दर्शनी भागावर स्थिरावले. ‘जेनप्रो’ हे त्यांतील व्यवसायात सर्वांत परिचित नाव. मागच्या बाजूस व कडांना नायलॉनचे कापड आले.

या कापडांची ओळख डेनिअरने करून देतात. ९,००० मी. सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर; १,००० डेनिअरचे सूत म्हणजे सु. १११ टेक्स (१,००० मी. सुताचे ग्रॅममधील वजन). हा जाडीचा आकडा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. विक्रेत्यांच्या पत्रकांत मात्र तो टिकाऊपणाचा म्हणूनच छापला जातो, आणि ग्राहकाची दिशाभूल येथेच होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी पुढे आलेले ‘बॅलिस्टिक’ नायलॉन सामान्यतः १,०५० डेनिअरचे व दुहेरी ताण्या-बाण्याच्या चटई विणीचे असते. त्याचे तंतू सलग व गुळगुळीत असतात. ‘कॉर्ड्युरा’ प्रकारच्या कापडात सूत हवेच्या झोताने पिंजारून त्यावर बारीक फासे उठवलेले असतात. घर्षण प्रथम त्या फाशांवर येते व मूळ धागा उशिरा उघडा पडतो. म्हणून डेनिअर जवळजवळ सारखा असूनही दोहोंची झीज वेगळ्या तऱ्हेने होते. नायलॉन ओले झाल्यावर त्याचे बळ सु. १० ते १५ टक्के घटते. पॉलिएस्टरचे जवळजवळ घटत नाही. पण घर्षणात नायलॉन सरस असल्याने या कामी त्यालाच पसंती आहे.

झीज मोजण्यासाठी मार्टिनडेल यंत्र मोठ्या प्रमाणावर वापरतात. ठरावीक दाबाखाली नमुना लोकरी कापडावर लिसाजू आकृतीच्या (सतत दिशा बदलणाऱ्या वळणांच्या) मार्गाने घासतात आणि विणलेल्या कापडाचे दोन धागे पूर्ण तुटेपर्यंतचे फेरे मोजतात. परंतु ही कसोटी कोरड्या, सपाट व शिवण नसलेल्या तुकड्याची असते. पॅड मात्र ओला असतो, गुडघ्यापाशी दुमडतो आणि पुष्कळदा शिवणीतच उलतो. मार्टिनडेलचा आकडा दोन कापडांची तुलना करण्यापुरता उपयोगी आहे. त्यावरून हंगामांचा हिशेब मांडू नये.

*भागांनुसार निवड :* झीज कोठे होते हे खेळण्याच्या शैलीवर ठरते. उभ्याने पक अडवण्याच्या जुन्या पद्धतीत पॅडचा दर्शनी भाग आधी जाई. गुडघे बर्फावर टेकून पाय दोहीकडे पसरण्याची ‘बटरफ्लाय’ शैली गोलरक्षक ग्लेन हॉलने १९५० च्या दशकात रुजवली व गोलरक्षक पॅट्रिक रॉयमुळे ती १९८० नंतर सार्वत्रिक झाली. तेव्हापासून सर्वाधिक मार पॅडच्या आतल्या कडेला आणि गुडघ्याखालच्या गादीला बसतो. तेथे जाड लेपाचे, बर्फावर सहज सरकणारे कृत्रिम चामडे लागते. खरखरीत कापड टिकाऊ असले तरी गोलरक्षकाला सरकताना अडवते.

लेपाचा रासायनिक प्रकार विचारात घेणे अगत्याचे आहे. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन ओलाव्याने जलविघटित होऊन (पाण्याने त्याचे रेणू तुटून) काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटते. पॉलिइथर जातीचे पाण्याला अधिक काळ दाद देत नाही. कपाटात पडून राहिलेले पॅडही सोलवटतात, ते यामुळेच.

हातमोज्याच्या तळव्याचा न्याय उलटा आहे. काठीची पकड बोटांना कळली पाहिजे, म्हणून तळवा पातळच ठेवावा लागतो आणि तो झिजणार हे गृहीत धरून बदलता येईल असा शिवणे योग्य. बकऱ्याचे चामडे पातळ असूनही चिवट असते. कृत्रिम सुएड (मऊ लवदार चामड्यासारखे कापड) लवकर वाळते व घामाने कमी कडक होते. क्रोम पद्धतीने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्यापेक्षा ओल्या उष्णतेत कमी आकसते. तरीही ओला मोजा हीटरवर वाळवणे कोणत्याही चामड्याला घातकच.

दोरा बंधित (लेप देऊन तंतू एकत्र बांधलेल्या) नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा असतो. टाके फार दाट घातल्यास सुईच्या छिद्रांची रांगच चामडे फाडते, हे केनेस्कीच्या पिढीतील साजकारांना पक्के ठाऊक होते.

*मानेचे रक्षक :* येथे घर्षणापेक्षा कापले न जाणे महत्त्वाचे. २२ मार्च १९८९ रोजी बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मालारचुक याचा गळा स्केटच्या पात्याने चिरला गेला, तो वाचला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे खेळाडू ॲडम जॉन्सन याचा अशाच इजेने मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचे रक्षक सक्तीचे केले. त्यांत ॲरामिड (केव्हलरसारखे कृत्रिम तंतू) किंवा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचे तंतू वापरतात. ॲरामिड सूर्यप्रकाशाने दुबळे होते. पॉलिएथिलीन पाणी पीत नाही, पण सु. १४५° से. ला वितळते, त्यामुळे त्याला इस्त्री वा तप्त वाळवणी चालत नाही.

*मैदानी हॉकी :* भारतात रूढ असलेल्या या खेळातही गोलरक्षकाचे जुने पॅड क्रिकेटच्याच घराण्यातले, वेत व कॅन्व्हस वा चामड्याचे होते. पुढे घट्ट फोमच्या ठोकळ्यांनी त्यांची जागा घेतली. या ठोकळ्यांना बहुधा कापडी आवरण नसते, म्हणून तेथे कापडाचा प्रश्न पट्टे, अस्तर व हातरक्षकांच्या आतल्या मोज्यांपुरता उरतो.