ताबा, कबजो आणि पाच वर्षांचं पोर

बडोद्यात मराठी घरातला घटस्फोटाचा दावा लागला की शेजारपाजारचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोराचा कबजा कोणाकडं गेला?" वकील गुजरातीत 'कबजो' म्हणतो, आपण 'ताबा' म्हणतो. दोन्ही शब्द शेताचे, दुकानाचे, भाड्याच्या खोलीचे. पोराला ते उगाच चिकटलेले नाहीत.

काडीमोड ज्या जातींत चालायची तिथे असे तंटे पंचायतीपुढे जात. इतरांकडे घटस्फोटच नव्हता, आणि मूल बापाच्या कुळाचं यात कोणाला शंका नव्हती. इंग्रजांचा कायदाही फार वेगळा नव्हता. सात वर्षांखालच्या मुलासाठी आईला कोर्टात अर्ज करता येईल, एवढी सवलत तिथे १८३९ साली मिळाली. इकडे आला १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्यात मुलाचं हित बघा असं म्हटलं होतं, पण बाप हयात आहे आणि नालायक नाही, तर दुसरा पालक नेमता येणार नाही, अशी मेखही होती. हा कायदा आजही चालू आहे. त्या कलमात बापाशेजारी आईचं नाव यायला २०१० उजाडावं लागलं.

त्या काळातली ॲनी बेझंट यांची हकिगत विलक्षण आहे. त्या नास्तिक आहेत आणि संततिनियमनाचं पुस्तक छापतात, म्हणून १८७८ साली इंग्लंडच्या कोर्टाने त्यांची लहान मुलगी काढून घेतली. पुढे मद्रासेत जे. कृष्णमूर्ती (नंतरचे तत्त्वचिंतक) आणि त्यांच्या भावाला बापाने बेझंटबाईंच्या हवाली केलं, मग पस्तावून परत मागितलं. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टापर्यंत गेलं. १९१४ साली निकाल बाईंच्या बाजूने लागला. मुलं तेव्हा इंग्लंडमध्ये होती, आणि त्यांचं म्हणणं खालच्या कोर्टांनी विचारलंच नव्हतं, हेही त्यात निघालं.

मुलाला विचारण्यावरून आपल्या गावाची गोष्ट आठवते. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना गादीसाठी दत्तक घ्यायचा होता, नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणली होती. "इथे कशाला आलात?" असं विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळने "राज्य करायला" म्हटलं, असं सांगतात. तेच सयाजीराव. त्यांच्या राज्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९३१ साली मिळाला. मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये. म्हणजे "मग पोरं कोणाकडे?" हा प्रश्न बडोद्याच्या कोर्टापुढे मुंबई इलाख्याच्या कितीतरी आधी उभा राहिला असणार. ते कोर्ट पुढे कित्येक वर्षं ज्या न्यायमंदिरात भरलं, ती इमारत मुळात मंडईसाठी बांधलेली. ताब्याच्या भाषेला साजेशीच जागा म्हणायची!

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक बाप, 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं. पाच वर्षांपर्यंतचं मूल मात्र सामान्यतः आईकडे. यातून एक गैरसमज घट्ट बसलाय, की पाचवा वाढदिवस झाला की पोर बापाकडे जातं. तसं कायद्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतं.

'त्याच्यानंतर' या एका शब्दावर लेखिका गीता हरिहरन सुप्रीम कोर्टात गेल्या. मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने आईची सही पालक म्हणून मानली नव्हती. १९९९ साली कोर्टाने सांगितलं, 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावर असं नव्हे. तो लक्ष घालत नसेल तरीही. शब्द तसाच ठेवून अर्थ बदलला. सरळ शब्दच बदलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

त्याआधी १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं, की मुलं मालमत्ता नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती पालटली तर तोही पालटतो. आज कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश बघतात ते हे: आजवर मुलाचं कोण करत आलं, शाळा कुठली, घरी कोण असतं, दुसऱ्या पालकाविषयी मुलाचे कान भरले जातायत का. पगार जास्त एवढ्यावर निकाल लागत नाही. कळत्या मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावून विचारतात, पण त्याच्या उत्तराला बांधलेले नसतात.

दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंचा नातू आईकडे असतो. रविवारी दहा ते चार बापाकडे. कमाटीबागेच्या फाटकाशी तो येतो, दप्तरात खोकल्याचं औषध, पाण्याची बाटली आणि पाढ्यांची वही. छोट्या आगगाडीत दोन फेऱ्या होतात, मग बापलेक बाकावर बसून तेराचा पाढा म्हणतात. मागच्या खेपेला काकूंनी विचारलं, "कबजा आईकडे आहे ना रे तुझा?" तो म्हणाला, "मी काय दुकान आहे का, आजी?"