नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसिंग

नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसिंग : जागेवरून सुटून सरळ पट्टीवरचे पाव मैल अंतर (१,३२० फूट, सुमारे ४०२ मी.) कमीत कमी वेळात कापण्याच्या अमेरिकन मोटारशर्यतीचा जुन्या धाटणीचा प्रकार. साधारणपणे १९७० च्या दशकापर्यंतच्या घडणीच्या गाड्या यात धावतात : पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर, गॅसर, ऑल्टर्ड (मूळ बॉडी कापून हलकी केलेली गाडी), जुन्या बॉडीच्या फनी कार (ड्रॅगस्टरच्या सांगाड्यावर नेहमीच्या गाडीसारखे हलके कवच बसवलेली गाडी) आणि हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी). हे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन नव्हे. गाड्या पूर्ण ताकदीने पळतात, इंजिने फुटतात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात ती उतरवून पुन्हा बांधली जातात. कोणते सुटे भाग चालतील हे नियमांनी जुन्या काळापाशी रोखून धरलेले असते. त्यामुळे जास्त पैसा ओतून वेग विकत घेण्याची वाट अरुंद होते आणि इंजिन जुळवणाऱ्या माणसाच्या हाताला पुन्हा महत्त्व येते. या खेळाचे खरे आकर्षण तेच आहे.

पूर्वपीठिका : दक्षिण कॅलिफोर्नियातील म्यूरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत १९३० च्या दशकात तरुण मंडळी स्वस्तातल्या जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी विमानतळांच्या धावपट्ट्या रिकाम्या झाल्या आणि शर्यत तिथे आली. सँटा ॲना येथील विमानतळावर १९५० मध्ये तिकीट लावून नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (पुढे ‘एनएचआरए’) स्थापन केली. बेकर्सफील्डच्या उत्तरेकडील फमोसो धावपट्टीवर १९५९ मध्ये स्मोकर्स या स्थानिक क्लबने मोठी स्पर्धा भरवली. फ्लोरिडाचे डॉन गार्लिट्स देश ओलांडून तिथे आले, पण जिंकले कॅलिफोर्नियाचे आर्ट क्रिसमन. हीच स्पर्धा पुढे ‘मार्च मीट’ म्हणून प्रसिद्ध झाली.

१९७० साली लायन्स धावपट्टीवर गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी मैदानात आणली. ती जिंकू लागताच पुढे इंजिन असलेला ड्रॅगस्टर थोड्याच हंगामांत मुख्य स्पर्धांतून बाद झाला. त्याच सुमारास जमिनीचे वाढते भाव आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांमुळे कॅलिफोर्नियातील धावपट्ट्याही बंद पडत गेल्या. लायन्स १९७२ मध्ये मिटली, ऑरेंज काउंटी १९८३ मध्ये. कोठारांत पडलेल्या गाड्या बाहेर काढणारी माणसे या पडझडीनंतर एकत्र आली. फमोसोवर १९९२ पासून ‘कॅलिफोर्निया हॉट रॉड रीयुनियन’ भरू लागले आणि १९९४ पासून मार्च मीट जुन्या धाटणीच्या गाड्यांची स्पर्धा झाली. इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधील सँटा पॉड धावपट्टीवर जुलैमध्ये ‘ड्रॅगस्टॅल्जिया’ भरते. ही धावपट्टीही मुळात महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांचा तळ होती. ड्रॅगसाठी ती १९६६ मध्ये खुली झाली.

गाड्यांचे प्रकार : पुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टरला ‘स्लिंगशॉट’ म्हणतात. चालक मागच्या ॲक्सलच्या मागे, पाय ॲक्सलवरून पुढे टाकून बसतो. सर्वाधिक वजन मागच्या चाकांवर यावे हा त्यामागचा हिशेब. सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा असतो. मागे स्प्रिंग नसते आणि पुढची चाके सायकलसारखी अरुंद असतात. इंजिन, क्लच आणि डिफरन्शियल चालकाच्या पुढ्यात रांगेने असल्यामुळे त्यातले काहीही फुटले तरी ते त्याच्या अंगावर येते. म्हणून क्लचभोवती जाड पोलादी कवच सक्तीचे असते.

गॅसर ही मूळची रस्त्यावरची गाडी. १९४१ ची विलीज कूपे हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप. पुढे स्वतंत्र स्प्रिंगरचना असेल तर ती काढून तिथे सरळ ॲक्सल बसवतात आणि नाक उंच करतात. त्या काळचे टायर कडक होते, पकड कमी होती. गुरुत्वमध्य वर नेला की सुटताना वजन मागे सरकते आणि चाके कमी घसरतात. टायर सुधारल्यावर ही उंची निरुपयोगी ठरली, पण आजच्या गॅसर शर्यतींत ती राखली जाते, आणि चालकाची परीक्षा तिथेच होते. पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) कमी पडला की शेवटच्या तीनशे फुटांत गाडी भरकटू लागते. पाच-सात अंश धन कॅस्टर नसेल, स्टिअरिंगच्या सांध्यांत किंचितही खेळ असेल किंवा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा ताण सारखा नसेल, तर अशी गाडी पूर्ण वेगाने नेऊ नये.

फ्लॅटहेड इंजिन : फोर्डने १९३२ मध्ये स्वस्त गाडीत आणलेले, २२१ घनइंची आणि ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन म्हणजे हॉट रॉडचा पाया. याच्या झडपा हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. मधल्या दोन सिलिंडरांचा जळका वायू एकाच वाटेने, ब्लॉकमधील पाण्याच्या पोकळीतून बाहेर जातो. त्यामुळे इंजिन तापते आणि झडपेच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडे जातात. जुना ब्लॉक हाती आला की मशिनिंगवर पैसे घालण्याआधी तो संपूर्ण सोडवून कॉस्टिकच्या टाकीत उकळावा, पाण्याच्या वाटांतली ओतकामाची वाळू आणि गंज खरवडून काढावा आणि चुंबकीय भुकटीने तडे तपासावेत. हा क्रम चुकवणारे बोअर करून आणलेला ब्लॉक भंगारात टाकतात.

ताकद वाढवण्याचा ठरलेला मार्ग असा : १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट घ्यायचा आणि सिलिंडर ३ ५/१६ इंचांपर्यंत बोअर करायचे; त्यातून २७६ घनइंच मिळतात. ३ ३/८ इंच बोअर केले तर २८६ होतात, पण भिंत पातळ उरते. अल्ट्रासाउंडने जाडी मोजल्याखेरीज तिथवर जाऊ नये. कॉम्प्रेशन वाढवायला हेड खाली बसवले की झडपेवरून सिलिंडरकडे जाणारी हवेची वाट अरुंद होते. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते, आणि फ्लॅटहेड जुळवणाऱ्याला ही तडजोड प्रत्येक इंजिनापुरती नव्याने सोडवावी लागते. १९५५ मध्ये शेव्हरोलेचे हलके २६५ घनइंची व्ही-८ आल्यावर वेगाच्या स्पर्धेत फ्लॅटहेड मागे पडले. आवाजाच्या आणि रूपाच्या प्रेमापोटी ते आजही बांधले जाते.

नायट्रोचे इंजिन : सर्वांत वेगवान वर्गांत क्रायस्लरचे ३९२ किंवा ४२६ घनइंची हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचे इंजिन), अथवा त्याच घडणीचे ॲल्युमिनियमचे इंजिन असते. वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, बसतो. हा मूळचा जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा भाग. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून हे नाव. इंधन नायट्रोमिथेन, मिथेनॉलमध्ये मिसळलेले. नायट्रोच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला १.७ किलो पुरते. प्रतिकिलो उष्णता पेट्रोलच्या जवळपास चौथा भागच, पण तेवढ्याच हवेत किती तरी जास्त इंधन घालता येत असल्याने एकूण ऊर्जा दुपटीहून अधिक निघते. एनएचआरएने १९५७ ते १९६३ या काळात नायट्रोवर बंदी घातली होती.

मिश्रण हायड्रोमीटरने मोजतात आणि इंधनाच्या तापमानानुसार आकडा दुरुस्त करतात. उन्हात ठेवलेल्या कॅनमधले इंधन पातळ दिसते. दुरुस्ती विसरली तर टक्केवारी ठरवल्यापेक्षा जास्त होते. इंधनाचा पंप इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून किती इंधन टाकीकडे परत पाठवायचे हे परतीच्या नळीतल्या जेटने ठरते. जेटचे भोक मोठे केले की परतीचे इंधन वाढते आणि मिश्रण कोरडे होते. हवा गरम व विरळ झाली की भोक इंचाच्या काही हजाराव्या भागाने वाढवायचे, थंड संध्याकाळी कमी करायचे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी ३५ अंशांच्या आसपास लागते. नायट्रो हळू जळत असल्याने ती त्याहून बरीच आधी द्यावी लागते.

बिघाडाची सर्वांत घातक तऱ्हा म्हणजे सिलिंडर ‘पडणे’. प्लग ओला होऊन विझतो, त्या सिलिंडरच्या धुराच्या पाइपातली ज्वाळा नाहीशी होऊन पांढरी वाफ दिसते आणि सिलिंडरमध्ये कच्चे इंधन साचत जाते. द्रव दाबला जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, हेड उचलले जाते किंवा साचलेले इंधन एकदम पेटून ब्लोअर उडतो. म्हणून ब्लोअरला पट्टे बांधलेले असतात आणि सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला दाबाने आधी फुटणारी पातळ पट्टी असते. अनुभवी चालक ज्वाळा मोजतो. एका बाजूला चार नसतील तर पाय काढतो. फेरीनंतर तेलाचा पॅन उतरवून रॉडची बेअरिंग पाहतात. वरचे अर्धे दाबले गेले असेल तर ठिणगी फार लवकर किंवा मिश्रण फार कोरडे आहे असे समजावे. प्लगच्या टोकाच्या वाकड्या पट्टीवरचा रंग दुसरा साक्षीदार. तेलात इंधन उतरलेले असते, म्हणून ७० ग्रेडचे जाड तेल दर फेरीला बदलतात. इंजिन चालू असताना जवळ काम करणारे विषारी वायूविरोधी मुखवटा घालतात, कारण धुराने डोळे आणि फुप्फुसे जळतात.

नॉस्टॅल्जिया टॉप फ्युएल या नायट्रो ड्रॅगस्टरच्या वर्गात एकच मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र), ६-७१ ब्लोअर आणि मिनिटाला २१ गॅलनपुरता मर्यादित इंधनपंप, अशी बंधने आहेत. तरीही या गाड्या पाव मैल साडेपाच सेकंदांच्या आसपास, ताशी २५० मैलांहून अधिक वेगाने कापतात. एनएचआरएच्या मुख्य मालिकेत स्कॉट कलिटा यांच्या २००८ मधील अपघाती मृत्यूनंतर नायट्रोच्या गाड्यांचे अंतर १,००० फुटांवर आणले गेले. जुन्या धाटणीच्या गाड्या मात्र पूर्ण १,३२० फूट धावतात.

सुरुवात आणि निकाल : जुन्या ड्रॅगस्टरला स्टार्टर नसतो. मागून ट्रक ढकलतो, गाडी गिअरमध्ये आणि क्लच दाबलेला. पुरेसा वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन फिरू द्यायचे, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत थांबायचे, मग इंधनाची तोटी उघडून मॅग्नेटो चालू करायचा. दाब येण्याआधी मॅग्नेटो लावला तर बेअरिंग कोरडी घासली जातात. तोटी उघडून रेंगाळले तर सिलिंडर भरून इंजिन अडकते.

दिव्यांचे ‘ख्रिसमस ट्री’ १९६३ मध्ये आले; त्यापूर्वी झेंडा असे, आणि काही मेळ्यांत तो आजही हलवतात. गॅस वर्गांत ठरीव वेळ असते : ए गॅसला ७.६०, बी ला ८.६०, सी ला ९.६० आणि डी ला १०.६० सेकंद. त्याहून जलद गेल्यास फेरी हरते. त्यामुळे तिथे प्रतिस्पर्ध्याकडे नजर ठेवून शेवटच्या काही फुटांत पाय किती काढायचा, हे कौशल्य ठरते.

ब्लूजशी नाते : मोटार आणि ब्लूज यांची सोबत ड्रॅगपेक्षा जुनी आहे. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ मध्ये हडसन कंपनीच्या टेराप्लेन गाडीवर ब्लूज ध्वनिमुद्रित केला. ओल्ड्समोबिलचे ३०३ घनइंची, झडपा हेडमध्ये असलेले व्ही-८ इंजिन १९४९ मध्ये आले आणि हॉट रॉडवाल्यांनी ते लगेच उचलले. त्याच गाडीवरचे ‘रॉकेट ८८’ हे गाणे १९५१ मध्ये मेम्फिसला मुद्रित झाले. वाटेत इजा झालेल्या ॲम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून वाजवलेल्या गिटारचा त्यातला फाटका आवाज पुढे ब्लूज रॉकची ओळख बनला. टेक्ससच्या झीझी टॉप बँडचे बिली गिबन्स यांची लाल १९३३ फोर्ड कूपे १९८३ च्या ‘एलिमिनेटर’ अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे. हा शब्दही ड्रॅग शर्यतीतल्या वर्गांचा. गिटारवादक जेफ बेक स्वतः वेल्डिंग करून १९३२ च्या फोर्ड बांधत. या मेळ्यांत संध्याकाळी ब्लूज रॉक वाजते ते शोभेपुरते नव्हे. कमी भागांतून, क्षमतेच्या काठावर नेऊन काढलेला आवाज ही दोन्हीकडची आवड आहे.

कॅकलफेस्ट : शर्यत संपल्यावर जुने नायट्रो ड्रॅगस्टर ढकलून सुरू करतात आणि रांगेत उभे करून इंजिने चालू ठेवतात. अंधारात पाइपांतून पिवळट ज्वाळा वर येतात आणि इंजिनाचा तुटक कडकडाट छातीत बसतो. मूळ सांगाडे बहुधा याच कार्यक्रमापुरते वापरतात. त्यांच्या नळ्या आणि पिंजरे आजच्या सुरक्षा प्रमाणकांत बसत नाहीत, म्हणून शर्यतीत धावणारी गाडी जुन्या मापांवर पण नव्या नळ्यांतून बांधलेली असते. जुना सांगाडा विकत घेणाऱ्याने वेल्डिंगच्या जोडाशेजारची नळी आणि मागच्या ॲक्सलच्या पट्ट्या आधी तपासाव्यात. तडे तिथून सुरू होतात आणि रंगाखाली दडलेले असतात.