लांबीचे मापन व एककांची निवड (प्राथमिक गणित)

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची किंवा जाडी, अथवा दोन ठिकाणांमधील अंतर, ठरलेल्या एककाशी ताडून संख्येने सांगण्याची क्रिया म्हणजे लांबीचे मापन होय. प्राथमिक शाळेत मापनाची सुरुवात बहुधा लांबीपासून होते, कारण लांबी डोळ्यांना दिसते, दोन वस्तू शेजारी ठेवून ती लगेच ताडता येते आणि त्यासाठी तराजू किंवा घड्याळ यांसारखे साधन लागत नाही. वजन, धारकता आणि क्षेत्रफळ शिकताना ज्या कल्पना पुढे उपयोगी पडतात, त्या मुलांना प्रथम येथेच भेटतात. या घटकाचे दोन भाग आहेत : बिनचूक मोजणे आणि कोणत्या एककात मोजावे हे ठरवणे. वर्गात पहिल्या भागाला अधिक तास मिळतात, पण खरा गणिती विचार दुसऱ्या भागात अधिक लागतो आणि तोच बहुतेक वेळा ‘योग्य एकक लिहा’ अशा रिकाम्या जागांपुरता उरतो.

मोजण्याच्या आधी तुलना येते. दोन पेन्सिलींपैकी लांब कोणती हे ठरवायचे, तर दोन्हींची एकेक टोके एका रेषेत आणावी लागतात, ही गोष्ट मोठ्यांना स्वयंस्पष्ट वाटली तरी लहान मुलाला ती कळावी लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी दाखवून दिले की, सारख्या लांबीच्या दोन काठ्यांपैकी एक थोडी पुढे सरकवली, तर लहान मुले पुढे आलेल्या काठीला ‘मोठी’ म्हणतात. वस्तू हलवली, वळवली किंवा उभी केली तरी तिची लांबी तीच राहते, ही जाण पक्की होण्याआधी पट्टी हातात दिली, तर मूल आकडे वाचायला शिकते, पण ते आकडे कशाचे आहेत हे त्याला सांगता येत नाही. दोन वस्तू शेजारी आणता येत नसतील, उदाहरणार्थ वर्गाचे दार आणि कार्यालयाचे दार, तर दोऱ्यावर गाठ मारून एकीची लांबी दुसरीपर्यंत नेता येते. हा दोरा म्हणजे तुलना आणि मापन यांच्यामधली पायरी होय.

त्यानंतर अप्रमाणित एकके येतात. वीत, हात, पाऊल, बोट ही शरीरावरची मापे मराठी घरांत अजून बोलण्यात आहेत. विटीदांडूच्या खेळात विटी कोठवर गेली हे दांडूनेच मोजले जाते आणि त्या मोजणीसाठी वकट, लेंड, मूंड, नाल अशी निराळी संख्यानामेही आहेत. एकच एकक ओळीने पुन्हापुन्हा ठेवून अंतर मोजण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र अशा मोजणीला काही अटी असतात. एकक प्रत्येक वेळी तेच हवे, दोन एककांमध्ये फट राहता कामा नये, एक एकक दुसऱ्यावर चढता कामा नये आणि मोजणी वस्तूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेली पाहिजे. मुले बाक वितीने मोजतात तेव्हा या अटी कोठे मोडतात हे जवळून पाहण्यासारखे असते : करंगळी जेथे टेकली तेथेच अंगठा ठेवण्याऐवजी मूल हात उचलून अंदाजाने पुढे टेकवते, शेवटच्या विताला बाक अपुरा पडला तरी ‘सात’ म्हणून मोकळे होते किंवा मधेच बोटे आखडून वीत लहान करते. बाक सहा वितींचा की सात वितींचा, यावर वाद झाला तर शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई करू नये. तो वाद हाच त्या तासाचा विषय असतो.

तोच बाक बाईंच्या वितीने कमी भरतो आणि मुलांच्या वितीने जास्त. यातून दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिली गोष्ट अशी की, एकक लहान घेतले तर संख्या मोठी येते आणि एकक मोठे घेतले तर संख्या लहान येते. हा व्यस्त संबंध मुलांना सुरुवातीला उलटा वाटतो, कारण मोठ्या मापाने मोजले की उत्तरही मोठे येईल, असे त्यांना वाटत असते. दुसरी गोष्ट अशी की, दोन माणसांना एकमेकांचे माप कळायचे असेल, तर एकक दोघांचे सारखे हवे. पहिली गोष्ट पुढे एककांच्या रूपांतरात कामी येते, दुसरीतून प्रमाणित एककाची गरज कळते.

ही गरज समाजालाही पूर्वीपासून भासत आली आहे. शिवकाळात जमीन मोजण्यासाठी पाच हात व पाच मुठी लांबीची काठी ठरवण्यात आली होती. माप मुळात शरीरावरचेच, पण ते एका काठीत बांधून सर्वांसाठी सारखे केलेले. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मीटर हे एकक ठरले, तेव्हा पॅरिसवरून जाणाऱ्या रेखावृत्तावरील उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, अशी त्याची व्याख्या होती. १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे : निर्वातात प्रकाश १/२९,९७,९२,४५८ सेकंदात जेवढे अंतर तोडतो, तेवढे एक मीटर. भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ मध्ये झाला, १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि त्यापुढील काही वर्षांत गज, वार, कोस, मैल यांच्या जागी मीटर व किलोमीटर अधिकृत झाले. शाळेतला मीटर हा या बदलाचा भाग आहे, हे चौथी-पाचवीच्या मुलांना सांगितले तर समजते आणि आवडतेही.

कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी हे मुलाच्या हाती येणारे पहिले प्रमाणित साधन. ती साधी दिसते, पण तिच्यात बरेच काही दडलेले असते. पट्टीवरच्या खुणा म्हणजे सेंटिमीटर नव्हेत. दोन खुणांमधली जागा म्हणजे एक सेंटिमीटर. ज्या मुलाच्या मनात हे ठसलेले नसते, ते वस्तूचे टोक १ या आकड्यावर ठेवते किंवा खुणा मोजते. बहुतेक पट्ट्यांवर शून्याची खूण काठापासून थोडी आत असते, त्यामुळे पट्टीचा काठ वस्तूच्या टोकाशी भिडवला की माप चुकते. अनेक पट्ट्यांच्या एका कडेला सेंटिमीटर आणि दुसऱ्या कडेला इंच असतात. दहा सेंटिमीटरच्या पेन्सिलीची लांबी ‘चार’ आली, तर ती चूक मोजण्याची नसून कड उलटी धरल्याची असते. वाचताना नजर खुणेच्या थेट वर हवी, तिरकी असेल तर एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. मुलाला मापन किती कळले आहे हे पाहण्यासाठी तुटकी पट्टी फार उपयोगी पडते. तिच्यावर ३ पासून ११ पर्यंत पसरलेल्या खडूची लांबी विचारली की काही मुले ११ सांगतात, काही खुणा मोजून ९ सांगतात आणि काहीजण जागा मोजून किंवा वजाबाकी करून ८ सांगतात. तिन्ही उत्तरांमागचा विचार वेगळा आहे आणि तो ओळखता आला तर पुढे काय शिकवायचे हेही कळते.

योग्य एकक कोणते, याचे उत्तर सहसा वस्तूच्या आकारावरून दिले जाते : नाण्याची जाडी मिलिमीटरमध्ये, वहीची लांबी सेंटिमीटरमध्ये, खोलीची लांबी मीटरमध्ये आणि गावांमधले अंतर किलोमीटरमध्ये. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे, पण हा नियम अपुरा आहे. एकक ठरताना वस्तू किती मोठी आहे याबरोबरच माप कशासाठी हवे आहे आणि किती अचूक हवे आहे, हेही पाहावे लागते. भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर असे लिहितात; ते दीड मीटरहून अधिक आहे, तरी मीटरमध्ये सांगून भागत नाही, कारण तेथे थोडासा फरकही चालत नाही. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग ६१० मिलिमीटर रुंदीचा आहे, तोही याच कारणाने मिलिमीटरमध्ये सांगतात. उलट मुंबई-पुणे लोहमार्गाची लांबी १९२ किलोमीटर सांगितली की प्रवाशाचे काम होते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर सांगतात, ‘दीड किलोमीटरहून अधिक’ असे नाही, कारण शिखरे एकमेकांशी ताडायची असतात आणि तेथे काही मीटरचा फरकही महत्त्वाचा असतो. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, हे मुले पावसाळ्यात बातम्यांतून ऐकतच असतात. सपाट जागेवर पडलेले पाणी वाहून वा मुरून न जाता साठले असते तर त्याची खोली किती झाली असती, हे त्या आकड्यातून कळते. म्हणजे पाऊस मोजतानाही शेवटी लांबीच मोजली जाते.

शाळेच्या अंगणात याचे सर्वांत सोयीचे उदाहरण खो-खोचे मैदान हे आहे. मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, पण मधली पाटी ३० सेंटिमीटर रुंद आणि खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. एकाच खेळात दोन एकके लागतात. मैदान सेंटिमीटरमध्ये सांगितले तर २,७०० ही संख्या डोळ्यांपुढे काही उभे करत नाही आणि पाटीची रुंदी मीटरमध्ये सांगायची तर चौथीच्या मुलाला अजून नीट न आलेला दशांश अपूर्णांक लागतो. मैदान पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीने मोजायला घेतले तर पट्टी जितक्या वेळा उचलावी लागेल, तितक्या वेळा थोडी चूक होण्याची शक्यता असते. एककाबरोबर साधनाचीही निवड करावी लागते, हे मैदानात लांब टेप धरून दोन मुले समोरासमोर उभी राहिली की आपोआप कळते. गोल खांबाचा घेर मोजायचा तर पट्टी निरुपयोगी ठरते, तेथे दोरा गुंडाळून तो नंतर पट्टीवर मांडावा लागतो किंवा शिंप्याची टेप घ्यावी लागते. फार पातळ वस्तूंसाठीही अशीच युक्ती आहे : एका कागदाची जाडी पट्टीवर वाचता येत नाही, पण शंभर कागदांच्या गठ्ठ्याची जाडी वाचून तिला शंभरने भागता येते.

मुलांच्या घरी मात्र दोन पद्धती शेजारी नांदतात. कापड मीटरवर मिळते, पण साडी नऊवारीच म्हटली जाते आणि नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, हे सहसा कोणी सांगत नाही. आरोग्य तपासणीत मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली जाते, तर आजी ती फुटांत विचारते. पाण्याचे नळ आणि टीव्हीचे पडदे इंचांत, घरे चौरस फुटांत. पाठ्यपुस्तकाने या गोष्टीकडे पाठ फिरवली तर मुलाला शाळेचे मापन आणि घरचे मापन ही दोन निराळी जगे वाटू लागतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर आणि एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, एवढा दुवा वरच्या इयत्तांत द्यायला हरकत नाही. खालच्या इयत्तांत पट्टीच्या दोन्ही कडा दाखवून ‘एकच रेघ, दोन आकडे’ एवढे पुरे.

एककाची निवड जमावी यासाठी अंदाज करण्याची सवय लागते आणि अंदाजासाठी मनात काही ओळखीची मापे असावी लागतात. करंगळीच्या नखाची रुंदी साधारण एक सेंटिमीटर, दाराची उंची दोन मीटरच्या थोडी वर, मोठ्या माणसाच्या पायी चालण्याचे पंधरा मिनिटांचे अंतर सुमारे एक किलोमीटर, अशी मापे प्रत्येकाने स्वतः मोजून ठरवलेली असतील तर टिकतात. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचे आणि दोन्हींतला फरक पाहायचा, हा क्रम उलटला की मूल अंदाज न करता उत्तर पाहून तो मागाहून भरते. म्हणून अंदाज चुकला तरी गुण कापू नयेत.

रूपांतराची कोष्टके या सर्वांनंतर यावीत. १० मिलिमीटर म्हणजे १ सेंटिमीटर, १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर आणि १,००० मीटर म्हणजे १ किलोमीटर हे तीन संबंध रोजच्या व्यवहारासाठी पुरतात. डेकामीटर व हेक्टोमीटर व्यवहारात जवळजवळ भेटत नाहीत, त्यामुळे ती पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. खरी अडचण दशांश चिन्हाशी येते. १ मीटर ३५ सेंटिमीटर म्हणजे १.३५ मीटर हे मूल सहज लिहिते, पण १ मीटर ५ सेंटिमीटर लिहायला सांगितले की १.५ मीटर लिहून मोकळे होते. अशा वेळी मीटरपट्टी भिंतीला उभी लावून १ मीटरच्या वर आधी ५ सेंटिमीटरवर आणि मग ५० सेंटिमीटरवर खडूने खूण करावी. दोन खुणांमध्ये पाऊण हाताहून अधिक अंतर दिसले की १.०५ आणि १.५ यांतला शून्य कशासाठी आहे, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.