पार्श्वभूमी: ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेला टी-शर्ट आणि साउथ आफ्रिकेतली औषधांची लढाई

डिसेंबर २००२ मध्ये नेल्सन मंडेला केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीतल्या एका क्लिनिकमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी एक टी-शर्ट घातला, त्यावर छातीभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण तो टी-शर्ट का छापावा लागला, ते फार कमी लोकांना माहीत असतं.

चार वर्षं आधी, डिसेंबर १९९८ मध्ये, डरबनजवळच्या क्वामाशूमध्ये राहणाऱ्या गुगू द्लामिनी नावाच्या बाईने जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने उघडपणे सांगितलं की मला एचआयव्ही आहे. काही दिवसांतच आजूबाजूच्या लोकांनी, तू वस्तीची अब्रू घालवलीस म्हणत, तिला इतकं मारलं की ती गेली. आजाराने नाही गेली, आजार आहे असं बोलली म्हणून गेली. त्यानंतर ते टी-शर्ट निघाले, आणि ज्यांना एचआयव्ही होता त्यांनीही घातले आणि ज्यांना नव्हता त्यांनीही, म्हणजे मारायचंच असेल तर कोणाकोणाला माराल?

आता हा राग, ही लाज एकदम कुठून आली नव्हती. ऐंशीच्या दशकात वर्णभेदी सरकार होतं, त्यांच्या दृष्टीने हा आधी समलिंगी पुरुषांचा रोग आणि मग काळ्या लोकांचा, म्हणजे दोन्हीकडून ‘आपला नाही’. सोन्याच्या खाणींवर शेजारच्या देशांतून पुरुष आणायचे, बायकापोरं गावी ठेवायला लावायची आणि हजारो माणसं होस्टेलमध्ये कोंबायची, अशा व्यवस्थेत टीबी पसरतो, गुप्तरोग पसरतात, एचआयव्हीही पसरला. यावर उपाय काय केला, तर मलावीच्या कामगारांमध्ये काही जण पॉझिटिव्ह निघाले म्हणून १९८८ पासून त्यांची भरती थांबवून हजारोंना घरी पाठवलं. परदेशी माणूस म्हणजे रोग हे समीकरण तेव्हाचं आहे, पुढे ते परत येणार आहे म्हणून इथे सांगून ठेवतो.

१९९० मध्ये सरकारी दवाखान्यात नाव घालणाऱ्या गरोदर बायकांमध्ये शंभरात एकीलाही एचआयव्ही नव्हता. २००० मध्ये जवळजवळ चारातली एक पॉझिटिव्ह होती. दहा वर्षांत! आणि ही तीच दहा वर्षं ज्यात मंडेला सुटले, निवडणूक झाली, नवीन राज्यघटना आली, सगळा देश आनंदात आणि गडबडीत होता.

ती राज्यघटना मात्र पुढे फार कामाला आली. १९९६ च्या या घटनेत कलम ९ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि कलम २७ मध्ये आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क आहे. कलम ९ मध्ये ते शब्द यावेत म्हणून झटणाऱ्यांत सायमन न्कोली होता, वर्णभेदाविरुद्ध लढताना डेल्मासच्या राजद्रोह खटल्यात तुरुंगात गेलेला आणि तिथे आपल्याच सोबत्यांना मी गे आहे हे सांगितलेला माणूस. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो एड्सने वारला. औषधं तेव्हा जगात होती, फक्त साउथ आफ्रिकेतल्या साध्या माणसाला परवडत नव्हती. त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत, १० डिसेंबरला म्हणजे मानवी हक्क दिनाला, स्वतः पॉझिटिव्ह असलेला कार्यकर्ता झॅकी अखमत आणि काही मोजके सोबती केप टाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसले, आणि एचआयव्हीची औषधं सगळ्यांना मिळावीत म्हणून ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन सुरू झालं. सगळे त्याला टॅक म्हणतात, ते टी-शर्ट यांचेच.

टॅकचं मला सगळ्यात पटतं ते म्हणजे त्यांनी हक्क, मान आणि औषध असे वेगवेगळे कप्पे केलेच नाहीत. वस्तीतल्या बायका, ज्यातल्या कित्येकींचं शाळा शिकणं अर्धवट राहिलेलं, त्या खोसा भाषेत एकमेकींना सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) म्हणजे काय, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती) म्हणजे काय, गोळी मध्येच सोडली तर काय होतं हे शिकवायच्या, आणि मग त्याच बायका मोर्चात पुढे. ज्याला स्वतःचा आजार नीट कळलाय त्याला गप्प बसवणं अवघड जातं.

लाज ही पहिली भिंत, दुसरी किमतीची. २००० च्या आसपास एचआयव्ही दाबून ठेवायला एकत्र घ्याव्या लागणाऱ्या तीन औषधांचा माणशी वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. मंडेला सरकारने १९९७ मध्ये कायदा बदलून स्वस्त औषधं आणायची वाट मोकळी करायचा प्रयत्न केला तर औषध कंपन्यांनी सरकारवरच केस टाकली, शेवटी त्यात ३९ कंपन्या होत्या. आणि इथे आपली मुंबई येते. सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये सांगितलं की मेदसां सां फ्रंतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला आम्ही तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो, म्हणजे दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. हे शक्य होतं कारण भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं, त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता यायचं (२००५ मध्ये तो कायदा बदलला). एकदा हा आकडा बाहेर आल्यावर दहा हजार डॉलर कसले घेता याला कोणाकडे उत्तर नव्हतं. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी केस मागे घेतली. त्याच्या आधीच अखमत थायलंडला जाऊन फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या स्वस्त गोळ्या घेऊन आला होता, उघडपणे, पेटंट मोडून. टॅकचा ख्रिस्तोफर मोराका तोंडात-घशात बुरशी होऊन ते औषध न मिळाल्याने गेला होता, त्याचंच नाव त्या मोहिमेला दिलं.

केस मागे घेतली म्हणजे औषध मिळालं असं वाटेल, पण खरी वाईट गोष्ट पुढेच आहे. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो का, यावरच शंका घेतली, आणि आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू खा सांगत राहिल्या. म्बेकींच्या मनात हा संशय का रुजला असेल ते मी समजू शकतो, वर्णभेदी सरकारचा एक गुप्त रासायनिक-जैविक शस्त्रांचा कार्यक्रम खरोखरच होता आणि १९९८ मध्ये तो, वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्यशोधन आयोगासमोर उघड झाला होता, गोऱ्यांच्या औषधांवर चटकन विश्वास का ठेवावा? पण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. जुलै २००० मध्ये डरबनच्या एड्स परिषदेत म्बेकींनी गरिबी हीच मोठी मारेकरी आहे असं भाषण केलं, आणि त्याच समारंभात अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन, ढगळ सूट घातलेला, जन्मापासून पॉझिटिव्ह, सरकारला म्हणाला की गरोदर आयांना औषध द्या. वर्षभराच्या आत तो गेला.

तो मागत होता ते औषध म्हणजे नेविरापिन. कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, बाळाला जन्मल्यावर एक डोस, बस, त्याने आईकडून बाळाला होणारी लागण साधारण निम्म्यावर येते हे युगांडातल्या कंपालाच्या अभ्यासाने १९९९ मध्येच दाखवलं होतं. कंपनी फुकट द्यायला तयार होती तरी सरकारने ते १८ ठिकाणांपुरतं ठेवलं. टॅक कोर्टात गेलं, आणि ५ जुलै २००२ ला कॉन्स्टिट्यूशनल कोर्टाने कलम २७ वर बोट ठेवून सरकारला ते औषध सगळीकडे उपलब्ध करायला सांगितलं. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारी दवाखान्यात मोफत औषधांची योजना मंजूर झाली. त्याच वर्षाच्या ऑगस्टपर्यंत अखमतने स्वतःची औषधं घेतली नव्हती, सगळ्यांना मिळेपर्यंत मी घेणार नाही म्हणाला होता, मंडेलांनी घरी येऊन विनवलं तरी. नंतर हार्वर्डच्या संशोधकांनी हिशोब मांडला तो असा की या उशिरामुळे ३,३०,००० पेक्षा जास्त माणसं गेली आणि ३५,००० बाळं एचआयव्ही घेऊन जन्माला आली.

आज साउथ आफ्रिकेत पन्नास लाखांहून जास्त लोक ही औषधं घेतात, जगात सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे. पण मलावीच्या खाणकामगारांचं ते जुनं समीकरण मेलं नाही. मे २००८ मध्ये परदेशी आफ्रिकन लोकांवर हल्ले झाले, साठहून जास्त जीव गेले, आणि केप टाउनमध्ये बेघर झालेल्यांना ब्लँकेट, जेवण, औषधं पोचवायला धावले ते टॅकचेच लोक. २०२५ मध्ये तर काही गट क्लिनिकच्या गेटवर उभे राहून ओळखपत्र मागायला लागले, परदेशी दिसला की परत पाठवायचे, त्यात गरोदर बायकाही. नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या हायकोर्टाने त्यांना मनाई केली. कलम २७ ची सुरुवात ‘प्रत्येकाला’ या शब्दाने होते, तिथे ‘नागरिकाला’ असं लिहिलेलं नाही.